मरिनावर मी बुडवलेला सूर्य

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी मद्रासचं प्रवासवर्णन लिहिलं. साताऱ्याच्या एका दिवाळी अंकात ते छापून आलं, लोकांना आवडलं, आणि त्या एका लेखाच्या जोरावर मी आमच्या गावात जन्मभर प्रवासी लेखक म्हणून मिरवलो. शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणही नव्हतं. यंदा मी मद्रास, म्हणजे आताचं चेन्नई, पाहून आलो. पहिल्यांदाच. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असं ज्यांना वाटेल, त्यांचं बरोबर आहे. त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे.

वेलचेरी

माझी मुलगी मुक्ता वेलचेरीत अकराव्या मजल्यावर राहते. आजूबाजूच्या इमारतींमधूनही तिच्यासारखीच संगणकावर काम करणारी मंडळी भरलेली आहेत. लिफ्टमध्ये एका तरुणाला फोनवर मराठी बोलताना ऐकलं, म्हणून मोठ्या उमाळ्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "बी विंग." खाली वॉचमन पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते छातीला हात लावून दाखवतो. आपल्याकडे किल्ल्याचे बुरूज दाखवतात त्याच अभिमानानं.

मुक्तानं माझ्या आठवड्याचं वेळापत्रक फोनमध्ये तयार ठेवलं होतं. कुठल्या दिवशी कुठली इडली, किती वाजता कुठलं देऊळ.

"बाबा, इथलं पोंगल खायलाच हवं."

"का बरं?"

"सगळे खातात."

मग काय, आम्हीही गेलो. इथल्या नावाजलेल्या उपाहारगृहांत रांग दारात लावत नाहीत. जो खात बसलाय त्याच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभं राहायचं आणि त्याच्या ताटलीवर नजर ठेवायची, ही इथली रांग. मी बसलो तेव्हा माझ्यामागे एक बाई अशाच उभ्या होत्या. मी दुसऱ्यांदा चटणी मागितली तेव्हा त्यांनी असा सुस्कारा सोडला की मी ती नको म्हणालो. आपल्याकडे आजाऱ्याला देतात ती मऊ मुगाची खिचडी घ्यायची, तिच्यात तूप, मिरे आणि काजू घालून धडधाकट माणसाला खायला द्यायची, म्हणजे तो दुपारपर्यंत आजारी दिसतो. याला पोंगल म्हणतात. मी दोनदा घेतलं. कॉफी पितळी पेल्यात येते, खाली पसरट वाटी असते, आणि दोन्ही सारख्याच भाजतात. शेजारचे आजोबा हातभर उंचीवरून कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होते. मीही ओतली. माझी पँट अजून मुक्ताकडेच आहे.

दुसऱ्या दिवसासाठी तिनं मैलापूर ठरवलं होतं.

"मैलापूर नको," मी म्हणालो.

"अहो, जुनं चेन्नई तिथेच आहे! कपालीश्वराचं देऊळ, तळं, जुन्या खानावळी..."

"देवळं आपल्याकडेही आहेत."

"मग समुद्र?"

"समुद्र साताऱ्यात नाही. समुद्रावर जाऊ."

असं मी मैलापूर दोन दिवस टाळलं. माझ्या पाकिटात मैलापूरचा एक पत्ता घडी करून ठेवलेला होता आणि मी तिथे जाण्यासाठीच आलो होतो, हे मी मुलीला सांगितलं नव्हतं. भित्र्या माणसाला पर्यटनाइतकं सोयीचं काही नाही.

मरिना

मरिनावर वाळू इतकी रुंद आहे की समुद्र पाहायला निघालेला माणूस वाटेत दोनदा बसतो. घोडे, फुगे नेमबाजीनं फोडायची दुकानं, कैरीच्या फोडी, मिरचीची भजी. संध्याकाळ होत आली होती. मुक्ता पाण्याकडे पाहत उभी राहिली, मग वळून पाठीमागच्या इमारतींकडे पाहू लागली. सूर्य त्यांच्या मागे चालला होता.

"बाबा, तुमचा लेख मी सातवीत वक्तृत्व स्पर्धेत पाठ म्हणून दाखवला होता. 'तो तांबडा गोळा पाहता पाहता बंगालच्या उपसागरात बुडाला आणि मी मरिनाच्या वाळूवर स्तब्ध उभा राहिलो.' टाळ्या पडल्या होत्या."

"हं."

"बंगालचा उपसागर पूर्वेला आहे ना?"

"आहे."

"मग?"

"लेखकाला थोडी मोकळीक असते."

"भूगोलाच्या मास्तरालासुद्धा?"

मी भज्यांच्या गाडीकडे बोट दाखवून विषय बदलला. नेमकी तीच गाडी दाखवायला नको होती, पण ते पुढे.

त्या लेखाच्या संपादकांनी हे पाहिलं नाही, वाचकांनी पाहिलं नाही, मुख्याध्यापकांनी सत्कार करताना पाहिलं नाही. आमच्याकडच्या माणसाला समुद्र म्हटला की तो रत्नागिरीचा किंवा गोव्याचा, आणि त्यात संध्याकाळी सूर्य बुडायचाच. मीही साताऱ्याच्या घरात बसून तो बुडवला आणि निश्चिंत झालो.

कोवलम, महाबळीपुरम

तिसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेनं जाणारी दक्षिणेची बस पकडली. कोवलमला उतरलो. केरळातलं प्रसिद्ध कोवलम नव्हे, हे मच्छीमारांचं गाव आहे. वाळूवर ओढलेल्या रंगीत होड्या, जाळी विणत बसलेले म्हातारे, आणि मासळी विकणाऱ्या बायका. त्यांतल्या एकीच्या टोपलीत मी वाकून पाहिलं आणि "ही सुरमई का?" असं मराठीत विचारलं. तिनं तमिळमध्ये बरंच काही सांगितलं. मुक्ताला हसू आवरेना.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, घ्यायचा नसेल तर माशावर सावली पाडू नका."

शेजारच्या झापाखाली तोच मासा तिखट लावून तव्यावर तळून मिळाला. इथे त्याला वंजिरम म्हणतात. या सबंध प्रवासात मी काही लपवून ठेवलं नव्हतं असा तो एकच अर्धा तास.

मग महाबळीपुरम. माझ्या लेखात तिथले पाच रथ म्हणजे अखंड दगडातून कोरलेली पाच देवळं. त्यांच्या पायऱ्यांवर लाटा आपटतात आणि तुषार लेखकाच्या चष्म्यावर उडतात. तीस वर्षं मी हे आठवीच्या वर्गाला सांगितलं. प्रत्यक्षात रथ कोरड्या वाळूत उभे आहेत, भोवती कुंपण आहे, आणि समुद्र नजरेच्या टप्प्यात नाही. लाटांजवळ आहे ते वेगळंच देऊळ.

मुक्तानं रथाच्या सावलीत उभं राहून आधी कोरड्या वाळूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिची आई असंच करायची. बाहेर शहाळंवाल्यापाशी बसल्यावर मीच म्हणालो, "मी इथे कधी आलो नव्हतो."

"ते कळलं. पुढे सांगा."

पुढे असं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी शिक्षकांच्या एका अधिवेशनासाठी मी मद्रासला आलो. मुख्याध्यापकांच्या ओळखीनं मैलापुरात सुंदरराव नावाच्या गृहस्थांकडे उतरलो. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेलं मराठी कुटुंब, ते स्वतः सरकारी कचेरीत कारकून. छत्रपतींच्या साताऱ्याहून पाहुणा आला याचाच त्यांना इतका आनंद, की मला स्टेशनवरून आणताना त्यांनी वाटेत चार ओळखीच्या लोकांना थांबवून ते सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर मरिनावर गेलो. ते नको म्हणत असताना गाडीवरची मिरचीची भजी खाल्ली, दोन ताटल्या. अंधार पडायच्या आत परतलो आणि दुसऱ्या दिवशी मी अंथरूण धरलं ते पाच दिवस. अधिवेशन नाही, देऊळ नाही, महाबळीपुरम तर नाहीच. सुंदररावांनी रजा काढली. उशाशी बसून मला पेज भरवली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून एकेक ठिकाण वर्णन करून सांगितलं. मी अर्धवट झोपेत ऐकलं. म्हणून रथ समुद्रात गेले.

"आणि लेखात?" मुक्तानं विचारलं. तिला माहीत होतं. तिला पाठ होतं.

लेखात भजी खाऊन आजारी पडतात ते सुंदरराव. 'सह्याद्रीच्या पाण्यावर वाढलेला मी मात्र एकटाच भटकलो.' सुंदरराव त्यात एक गमतीचं पात्र आहे: पोटाला भिजलेला पंचा बांधून कण्हणारं, बखरीतल्यासारखं मराठी बोलणारं, आणि पाहुण्याला ताकात पीठ कालवून वाढणारं. 'आमच्याकडे हे वासरांना देतात,' असं मी लिहिलं. ती डांगर पच्चडी होती. उडदाच्या भाजलेल्या पिठाचं दह्यातलं डांगर. माझी आई दर उन्हाळ्यात तेच करायची आणि मी बोटं चाटायचो.

"त्यांनी वाचलं?"

संपादकांनी सौजन्य म्हणून त्यांना परस्पर अंक पाठवला होता. मग त्यांचं मला पत्र आलं. ठसठशीत देवनागरी अक्षरांत: 'आपण आमच्याविषयी इतके चांगले लिहिले, आम्ही धन्य झालो. गल्लीतील सर्वांना वाचून दाखविले.' मी साताऱ्याचा माणूस. इतका मुरलेला टोमणा मी आयुष्यात वाचला नव्हता. उत्तर लिहायला बसलो की ते वाक्य समोर यायचं. चव्वेचाळीस वर्षांत उत्तर लिहिलं नाही.

मुक्तानं शहाळं खाली ठेवलं. "उद्या मैलापूर," ती म्हणाली. "आणि पोटात दुखतंय असं सांगू नका."

मैलापूर

वेलचेरीहून मैलापूरला उंच पुलावरून गाडी जाते. उतरल्यावरही मी वेळ काढला. देवळाचं गोपुर खालून वर नीट पाहिलं, प्रत्येक मूर्तीसह. तळ्याला पूर्ण फेरी मारली. मग जेवणाची वेळ झाली म्हणून एका खानावळीत शिरलो. केळीचं पान, आधी सांबार भात, मग रसम भात, मग दहीभात. क्रम मोडायचा नाही. मी रसमच्या आधी दही मागितलं, तर वाढपी थबकला आणि मुक्ताकडे पाहून हळूच म्हणाला, "बरं नाही का त्यांना?"

पत्त्यावर कौलारू घराच्या जागी चार मजली इमारत होती. पाटीवर नाव मात्र सुंदररावांचंच. दुसऱ्या मजल्यावर साठीकडे झुकलेल्या एका बाईंनी दार उघडलं. मी "साताऱ्याहून..." एवढंच बोललो.

"मास्तर?" त्या म्हणाल्या. मग आत वळून मोठ्यांदा, "अम्मा! साताऱ्याचे मास्तर आले!"

ही कल्याणी, सुंदररावांची मुलगी. मी आलो होतो तेव्हा बारा वर्षांची होती, दाराआडून पाहायची. आतापर्यंत शाळेत हिंदी शिकवत होती. सुंदरराव जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पत्नी, ऐंशी ओलांडलेल्या, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"इतके दिवस कोठें होतां, मास्तर? पोट बरें आहे की?"

मुक्तानं खोकला आणल्यासारखं केलं.

मी येताना वाक्य जुळवून आणलं होतं. 'मी तुमचा अपराधी आहे' असं सुरू होणारं. ते काढणार, तोच कल्याणी म्हणाली, "मामा, जरा आत येता? कॉफीला मदत पाहिजे." कॉफीला मदत लागत नाही. मी आत गेलो.

तिनं दार लोटून घेतलं. "क्षमा मागायला आलात?"

"हो. ते पत्र... वडिलांनी बरोबर झापलं होतं मला."

"झापलं?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "पत्र मी लिहिलं, आप्पांनी सांगितलं तसं. ते मनापासून होतं, मामा."

मला समजेना. तिनं दूध गॅसवर ठेवलं आणि पाठमोरीच बोलली.

"आप्पा, अम्मा मराठी बोलतात. पण ही अक्षरं त्यांना कुठे येतात? आमच्या घरात मराठी लिहायची झाली तरी तमिळ अक्षरांत. मी हिंदीच्या परीक्षा देत होते, म्हणून मला देवनागरी यायची. अंक आला, आप्पांनी सगळ्या गल्लीला बोलावलं, मला मध्ये बसवलं. वाच म्हणाले. मी डोळ्यांनी पुढची दोन वाक्यं पाहिली. सूर्य समुद्रात बुडाला, असं होतं. मनात म्हटलं, हा माणूस खोटा. मग खाली आप्पांचं आलं. ते भिजलेल्या पंच्याचं. आप्पा समोर बसून हसत होते, मामा. वाट पाहत होते."

"मग?"

"मग मी दुसरंच वाचलं. सूर्य सकाळी उगवला असं वाचलं. आप्पांसारखा माणूस पाहिला नाही, असं तुम्ही लिहिलंय असं वाचलं. बारा वर्षांची होते, जे सुचलं ते. दर दिवाळीला आप्पा पुन्हा वाचायला लावायचे, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अडवायचे. म्हणून मी ते पाठ केलं. शेवटच्या आजारातही वाचलं."

माझं एकुलतं एक वाङ्मय, ते मुक्तानं आणि कल्याणीनं, दोघींनी पाठ केलेलं. एकीनं जसंच्या तसं, दुसरीनं एकही शब्द न ठेवता. माझे दोन्ही वाचक माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाले.

"मी अम्मांना सगळं सांगतो," मी म्हणालो. "तुमच्यावरचं ओझंही जाईल."

"नाही," कल्याणी म्हणाली, शाळेत वर्गाला म्हणत असेल तशी. "तुम्ही हलके होऊन साताऱ्याला जाल. अम्मा त्या खुर्चीतच बसणार. खरं सांगायचंच असेल तर तिकडे छापा, तुमच्या अक्षरांत. अम्माला ते वाचता येत नाही. इथे नाही."

आम्ही कॉफी घेऊन बाहेर आलो. अम्मांच्या मांडीवर रेशमी पदराचा एक तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेला माझा दिवाळी अंक. मुखपृष्ठ उडालेलं, कडा पिवळ्या.

"कल्याणी बरें वाचते," त्या म्हणाल्या. "पण लिहिलेल्याच्या तोंडून ऐकायला पाहिजे. वाचा, मास्तर."

मी कल्याणीकडे पाहिलं. ती पेला हातात धरून अंकाकडे पाहत होती. मी तिचं वाचन ऐकलेलं नव्हतं. मला त्यातला एक शब्द ठाऊक नव्हता. आणि समोर पानावर होतं ते वाचण्यासारखं नव्हतं. अम्मा डोळे मिटून तयार बसल्या होत्या.

मी चष्मा लावला. पानावर होतं, 'दुसऱ्या दिवशी आमचे यजमान भजी बाधून आडवे झाले.' मी वाचलं, "दुसऱ्या दिवशी मी भजी बाधून आडवा झालो. यजमानांनी ती खाऊ नका म्हणून मला बजावलं होतं." अम्मांनी मान हलवली, हे बरोबर होतं तर. पानावर होतं, 'मी मात्र एकटाच भटकलो.' मी वाचलं, "मी कुठेही गेलो नाही. या शहराचं मी जे काही पाहिलं ते सुंदररावांच्या डोळ्यांनी." पानावर वासरं होती. मी वाचलं, "त्या घरची डांगर पच्चडी माझ्या आईच्या हातची वाटली." नजर ओळींवरून चालवत होतो, वेळेवर पान उलटत होतो, म्हातारपणी प्रथमच लेखक म्हणून काम करत होतो. आणि मग, थांबता येईना म्हणून, जे कुठल्याच पानावर नव्हतं आणि मी आजवर कुणालाही, बायकोलाही सांगितलं नव्हतं, तेही वाचलं:

"तिसऱ्या दिवशी मला उठून जाणंही जमलं नाही आणि अंथरूण खराब झालं. मी लाजेनं भिंतीकडे तोंड केलं. सुंदररावांनी दार लावून घेतलं. घरातल्या बायकांना कळू नये म्हणून माझा लेंगा आणि चादर पंच्यात गुंडाळून मागच्या नळावर नेली आणि स्वतःच्या हातांनी धुतली. पंचा भिजला तो त्यामुळे. परत आले आणि मला महाबळीपुरमबद्दल सांगू लागले, जणू मध्ये काही झालंच नव्हतं."

मुक्ता खाली पाहत होती. अम्मांनी डोळे उघडले.

"हें नवें आहे," त्या म्हणाल्या. "ते मज कधीं सांगितले नाहींत. कल्याणी, हें तूं कधीं वाचली नाहींस."

कल्याणीनं पेला खाली ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"तें पान चिकटलेलं होतं, अम्मा," ती म्हणाली.

अम्मांनी पदरानं डोळे पुसले आणि अंकाकडे हात केला. "आतां सुटलें ना? मग तेवढेंच परत वाचा, मास्तर. सावकाश."

मी वाचलं.